पेबल बीचवर जमणारा पैसा

बिंग क्रॉस्बी हा १९३०च्या दशकात अमेरिकेतला आघाडीचा गायक. रेडिओवर त्याचा आवाज, पडद्यावर त्याचा चेहरा आणि डोक्यात गोल्फचं वेड. १९३७ साली त्याने सॅन दिएगोजवळच्या रँचो सांता फे इथल्या क्लबवर एक स्पर्धा भरवली. त्याचे हौशी मित्र आणि गोल्फवर पोट असलेले व्यावसायिक खेळाडू यांनी एकत्र खेळायचं, अशी ती कल्पना. त्या काळी या व्यावसायिकांची कमाई बेताचीच असे. पहिल्याच वर्षी मुसळधार पाऊस झाला आणि खेळ एका फेरीत आटोपावा लागला. सॅम स्नीड जिंकला आणि पाचशे डॉलरचं बक्षीस घेऊन गेला. खेळ संपल्यावर क्रॉस्बी सगळ्यांना तिसऱ्यांची मेजवानी देई, म्हणून लोक या स्पर्धेला ‘क्रॉस्बीचा क्लॅमबेक’ म्हणू लागले.

दुसऱ्या महायुद्धात स्पर्धा बंद पडली. १९४७ मध्ये क्रॉस्बीने ती पुन्हा सुरू केली, ती उत्तरेला, पॅसिफिक महासागरात घुसलेल्या माँटेरे द्वीपकल्पावर, पेबल बीच इथे. इथे आल्यावर स्पर्धेतून उरणारा पैसा मदतकार्याला द्यायचा हे ठरून गेलं. क्रॉस्बी १९७७ मध्ये स्पेनमध्ये गोल्फची एक फेरी संपवल्यावर तिथेच गेला. १९८६ पासून एटी अँड टी ही दूरध्वनी कंपनी प्रायोजक आहे आणि स्पर्धेचं नाव आहे ‘एटी अँड टी पेबल बीच प्रो-अ‍ॅम’. प्रो म्हणजे व्यावसायिक, अ‍ॅम म्हणजे अ‍ॅमॅच्युअर, हौशी.

आम्ही सॅन होजेत राहतो. माझा नवरा इथल्या नगरपालिकेच्या मैदानावर गोल्फ खेळतो आणि मुलगाही त्याच्याबरोबर जायला लागला आहे. मी, मुलगी आणि माझ्या सासूबाई या खेळापासून लांब होतो. आई मूळच्या वाईच्या. गेली काही वर्षं त्या आमच्याकडेच असतात. कोविडमुळे २०२१ची स्पर्धा प्रेक्षकांविना झाली होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये दारं पुन्हा उघडली, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी मिळून शनिवारी जायचं ठरलं. त्या दिवशी जे पाहिलं, ते गोल्फच्या पलीकडचं होतं आणि ते मराठी वाचकांना सांगावंसं वाटतं.

माणसं कशी पोचतात

सॅन होजेहून दक्षिणेला निघालं की लसणासाठी प्रसिद्ध असलेलं गिलरॉय लागतं. पुढे कॅस्ट्रोव्हिल. तिथे दोन्ही बाजूंना आर्टिचोकची शेतं. मग समुद्र दिसायला लागतो. पेबल बीचच्या अरुंद रस्त्यांवर हजारो गाड्या मावणं शक्य नाही. म्हणून प्रेक्षकांनी गाड्या कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या माँटेरे बे इथल्या आवारात लावायच्या आणि तिथून बसने जायचं. या जागेवर पूर्वी फोर्ट ऑर्ड ही मोठी लष्करी छावणी होती. छावणी १९९४ मध्ये बंद झाली आणि पुढच्याच वर्षी तिथे विद्यापीठ सुरू झालं. आम्ही गाडीतच थालीपीठं खाल्ली आणि बसच्या रांगेत उभे राहिलो. रांग लावणारे, बसमध्ये चढवणारे, तिकीट तपासणारे, सगळे एकसारख्या जाकिटातले स्वयंसेवक होते आणि त्यातले बरेचसे साठी ओलांडलेले.

“यांना पगार किती असेल गं?” आईंनी विचारलं. पगार नसतो. अशा स्पर्धांमध्ये स्वयंसेवक साधारणपणे आपल्या गणवेशाचे पैसेही स्वतःच भरतात. आईंना हे खरं वाटेना, म्हणून पुढे दिवसभर त्या जाकीटवाल्या माणसांकडेच जास्त बघत राहिल्या.

खेळ कसा बघायचा

गोल्फच्या मैदानात अठरा होल असतात. प्रत्येक होल म्हणजे गवताची एक लांब पट्टी. एका टोकाला टी, जिथून पहिला फटका मारायचा. दुसऱ्या टोकाला ग्रीन, म्हणजे बारीक कापलेली हिरवळ आणि तिच्यात चेंडू जाईल एवढी खळगी. चांगल्या खेळाडूने तिथवर किती फटक्यांत पोचावं याचा आकडा ठरलेला असतो, त्याला पार म्हणतात. एक फटका कमी लागला तर बर्डी, एक जास्त लागला तर बोगी. अठरा होल मिळून ज्याचे फटके सर्वात कमी, तो पुढे.

प्रो-अ‍ॅममध्ये प्रत्येक व्यावसायिकाला एक हौशी जोडीदार मिळतो. हौशी खेळाडूला त्याच्या वकुबाप्रमाणे काही फटक्यांची सूट असते, तिला हँडिकॅप म्हणतात. प्रत्येक होलवर दोघांपैकी ज्याचा आकडा चांगला, तो जोडीचा आकडा. व्यावसायिकांची आपली स्पर्धा वेगळी चालूच असते. त्या वर्षी १५६ व्यावसायिक आणि तितकेच हौशी होते. पेबल बीच, स्पायग्लास हिल आणि माँटेरे पेनिन्सुला कंट्री क्लब अशा तीन मैदानांवर आळीपाळीने तीन दिवस खेळ झाला. त्यातून वर आलेले रविवारी पेबल बीचवर उतरले. हौशींमध्ये उद्योगपती असत, नट असत, दुसऱ्या खेळांतले नामवंत असत. अभिनेता जॅक लेमन वर्षानुवर्षं खेळला, पण रविवारपर्यंत त्याला कधीच पोचता आलं नाही. नट बिल मरे २०११ मध्ये व्यावसायिक डी. ए. पॉइंट्सबरोबर जोडीचं विजेतेपद घेऊन गेला.

पेबल बीचचं मैदान १९१९ मध्ये खुलं झालं. जॅक नेव्हिल आणि डग्लस ग्रँट यांनी ते आखलं. कार्मेलच्या उपसागराच्या कड्यावरून त्यांनी इतके होल फिरवले, की पुष्कळदा फटका मारताना खेळाडूच्या एका बाजूला समुद्रच असतो. हे मैदान कुणा क्लबच्या सभासदांपुरतं नाही. शुल्क फार मोठं आहे, पण ते भरून कुणीही खेळू शकतं.

आम्ही बराच वेळ सातव्या होलजवळ थांबलो. लांबी जेमतेम १०६ यार्ड, म्हणजे शंभर मीटरही नाही. टी उंचावर, ग्रीन खाली, छोटंसं, भोवती वाळूचे खड्डे आणि तीन बाजूंनी समुद्र. एक व्यावसायिक आला. त्याने चिमूटभर गवत उपटून हवेत सोडलं, ते कुठे जातं ते पाहिलं. त्याच्या कॅडीने, म्हणजे काठ्यांची पिशवी वाहणाऱ्या मदतनिसाने, खिशातली अंतरांची छोटी वही काढली. दोघं हलक्या आवाजात बोलले. हातात घेतलेली काठी खेळाडूने परत ठेवली आणि दुसरी घेतली. स्वयंसेवकाने दोन्ही हात वर केले आणि शेकडो माणसं गप्प झाली. चेंडू वर गेला, खाली समुद्राच्या पार्श्वभूमीवर क्षणभर दिसेनासा झाला आणि ग्रीनवर टप्पा घेऊन थांबला. त्याच्यामागून त्याचा हौशी जोडीदार. त्याचा चेंडू वाळूत गेला. तो खाली उतरून वाळूतून बाहेर आला आणि त्याच्या कॅडीने लगेच दाताळं घेऊन वाळू सारखी केली, मागून येणाऱ्यांसाठी. आईंना ती वाळू सारखी करण्याची रीत फार आवडली. “आपण खेळून गेलो तरी मागच्याला खड्डा राहायला नको,” असं त्या नातीला समजावत होत्या. नवरा सांगत होता, शांत हवेत इथे अगदी हलका फटका पुरतो आणि वादळी वारा असेल तर याच अंतराला लांब पल्ल्याची काठी लागते.

त्या दिवशी हवा स्वच्छ होती. आम्ही अठराव्याजवळच्या स्टँडमध्ये असताना मुलाने फोनवर एक दृश्य दाखवलं. आठव्या होलवर जॉर्डन स्पीथ या व्यावसायिकाचा चेंडू कड्याच्या अगदी काठावर जाऊन थांबला होता. खाली साठ-सत्तर फुटांचा सरळ उतार. कॅडी नको म्हणत होता. स्पीथने पाय रोवले, फटका मारला आणि तत्क्षणी मागे सरकला. चेंडू खाडीवरून पलीकडे गेला आणि पुढे त्याने तिथे पारही साधला. दुसऱ्या दिवशी टॉम होगी त्याच्यापेक्षा दोन फटक्यांनी पुढे राहून जिंकला. पीजीए टूरवरचं, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेतलं, त्याचं ते पहिलंच विजेतेपद.

सतराव्यावर नवरा थांबलाच. १९८२च्या यूएस ओपनमध्ये टॉम वॉटसनने दाट गवतातून इथेच चेंडू थेट होलमध्ये घातला होता आणि जॅक निकलसच्या हातचं विजेतेपद गेलं होतं. समुद्रात सी ऑटर पाठीवर पडून तरंगत होते. मुलीचं लक्ष खेळाडूंपेक्षा त्यांच्याकडे.

पैसा कुठे जातो

अठराव्या होलवर दोरी धरून उभ्या असलेल्या बाई सलिनासच्या निवृत्त शिक्षिका निघाल्या. आईंनी माझ्यामार्फत त्यांना विचारलं, “तुम्ही फुकट का उभ्या राहता?” त्या म्हणाल्या, हे पैसे आमच्याकडेच येतात. मग त्यांनी सगळं नीट सांगितलं.

स्पर्धा भरवणारी संस्था आहे माँटेरे पेनिन्सुला फाउंडेशन. ही नफा न कमावणारी संस्था. पीजीए टूरच्या बहुतेक स्पर्धा अशाच स्थानिक संस्था भरवतात. तिकिटं, मोठ्या कंपन्यांनी पाहुण्यांसाठी घेतलेले मंडप, प्रायोजकांचे पैसे, हौशी खेळाडू भरतात ती भली मोठी रक्कम, असं सगळं जमा होतं. खर्च वजा जाता जे उरतं, ते अनुदान म्हणून माँटेरे, सांता क्रूझ आणि सॅन बेनिटो या परगण्यांतल्या सेवाभावी संस्थांना जातं. शाळकरी मुलांचे उपक्रम, अन्नपेढ्या, आरोग्य, कला अशी कामं त्यातून चालतात. स्थानिक माणूस फुकट राबला की खर्च वाचतो आणि वाचलेला प्रत्येक डॉलर त्याच्याच गावच्या कामाला लागतो. स्वयंसेवकांच्या त्या रांगेमागचा हिशेब हा आहे. पीजीए टूरच्या सगळ्या स्पर्धांनी मिळून समाजकार्याला दिलेल्या रकमेने २०२० मध्ये तीन अब्ज डॉलरचा टप्पा ओलांडला.

सलिनास हे पेबल बीचपासून अर्ध्या-पाऊण तासावरचं गाव. लेखक जॉन स्टाइनबेक १९०२ मध्ये इथेच जन्मला. खोऱ्यात लेट्यूस, स्ट्रॉबेरी, फ्लॉवर, ब्रोकोली पिकते आणि तिथून सगळ्या अमेरिकेच्या ताटात जाते. हे पीक काढणारे हात बहुतांशी मेक्सिकोतून आलेल्या मजुरांचे. हिवाळ्यात लेट्यूसचं काम अ‍ॅरिझोनातल्या युमाकडे सरकतं, तसे मजूरही सरकतात. बीड-नगरची ऊसतोड कुटुंबं कोयता घेऊन निघाली की मुलांच्या शाळेचं जे होतं, तेच इथल्या मुलांचं होतं. जगातल्या सर्वात महागड्या हिरवळींपैकी एक आणि कष्टकऱ्यांच्या दाटीवाटीच्या वस्त्या एकाच परगण्यात आहेत. त्यांच्यामधली दरी एका स्पर्धेने बुजत नाही. पण दरवर्षी, न चुकता, त्या हिरवळीवरचा पैसा त्या वस्तीपर्यंत येतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

त्या शिक्षिकेच्या शाळेतल्या मुलांनी गोल्फची काठी पहिल्यांदा हातात घेतली ती ‘फर्स्ट टी’ या उपक्रमातून. १९९७ मध्ये सुरू झालेली ही चळवळ मुलांना गोल्फ शिकवते आणि खेळातून शिस्त, सचोटी शिकवते. फाउंडेशनची दुसरी स्पर्धा सप्टेंबरात होते. तिच्यात फर्स्ट टीची मुलं वयाची पन्नाशी ओलांडलेल्या नामवंत व्यावसायिकांच्या जोडीने याच पेबल बीचवर खेळतात. सलिनासचं पोर आणि एकेकाळचा विजेता एकाच स्कोअरकार्डवर.

गोल्फचा इतिहास सगळाच गोड नाही. १९६१ पर्यंत अमेरिकेतल्या व्यावसायिक संघटनेच्या नियमांत केवळ गोऱ्यांना प्रवेश होता. या स्पर्धेचं एक अतिशय सुंदर मैदान होतं सायप्रस पॉइंट. १९९० मध्ये पीजीए टूरने ठरवलं, की ज्या क्लबांत वंशभेद नाही अशांच्याच मैदानांवर स्पर्धा होतील. सायप्रस पॉइंट तेव्हा बाहेर पडला आणि १९९१ मध्ये त्याच्या जागी पॉपी हिल्स आलं. देखणं मैदान गेलं, तत्त्व राहिलं. आज साहिथ थीगाला, अक्षय भाटिया अशी भारतीय वंशाची मुलं पीजीए टूरच्या स्पर्धा जिंकतात. पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी आणि पुण्याचा उदयन माने हे दोघे टोकियो ऑलिम्पिकमध्ये भारताकडून खेळले.

दुष्काळ पाहिलेल्या कुणालाही इथली हिरवळ पाहून पाण्याचा प्रश्न पडतो, तसा आईंनाही पडला. या द्वीपकल्पावर पाण्याची कायमची टंचाई आहे. म्हणून १९९४ पासून इथल्या गोल्फ मैदानांना सांडपाण्यावर प्रक्रिया करून मिळवलेलं पाणी दिलं जातं. पिण्याचं पाणी त्यामुळे माणसांसाठी वाचतं.

त्या संध्याकाळची बातमी

परतीच्या वाटेवर अंधार पडला होता. सगळ्यांचे फोन एकामागून एक वाजू लागले. भारतात रविवारची सकाळ होती, ६ फेब्रुवारी. लता मंगेशकर गेल्या होत्या.

गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आईंनीच नातवाला एक गोष्ट सांगायला घेतली. १९८३ मध्ये कपिल देवचा संघ विश्वचषक जिंकून आला, तेव्हा खेळाडूंना बक्षीस द्यायला क्रिकेट मंडळाच्या तिजोरीत पैसे नव्हते. लताबाईंनी दिल्लीत कार्यक्रम केला, एक पैसा न घेता गायल्या. त्यातून प्रत्येक खेळाडूला एक लाख रुपये मिळाले. तेव्हाच्या एक लाखाची किंमत काय होती, हेही आईंनी त्याला समजावलं. “सकाळी तू त्या गायकाचं सांगत होतास ना, त्याने गोल्फवाल्यांसाठी केलं,” त्या म्हणाल्या, “आमच्या लताने क्रिकेटवाल्यांसाठी केलं.”

मुलाने विचारलं, “मग त्या कार्यक्रमाचं पुढे काय झालं? दरवर्षी होतो का?”

नाही. गरज पडली तेव्हा झाला, अतिशय मोठ्या मनाने झाला, आणि संपला. मुलाचा हा प्रश्न मात्र मला बरोबर वाटला. क्रॉस्बी गेला तरी त्याची स्पर्धा चालू राहिली, कारण तिच्याभोवती एक संस्था उभी राहिली. मोठ्या माणसाची दिलदारी त्याच्या आयुष्याबरोबर संपते. संस्था असली की ती पुढच्या पिढीच्या हाती जाते.

आपल्याकडे हे होऊ शकतं

आपल्याकडे याची सुरुवात झालेली आहे. मुंबई मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली, ती आता जानेवारीत होते. तिथे धावणारे लोक आपल्या आवडीच्या संस्थेसाठी ओळखीपाळखीत पैसे गोळा करतात आणि हे काम युनायटेड वे मुंबई या संस्थेमार्फत चालतं. पण गावोगावच्या कबड्डी स्पर्धा, कोकणातल्या किनाऱ्यावरचे टेनिस बॉल क्रिकेटचे चषक, तालुक्याच्या कुस्त्यांची मैदानं यांत किती पैसा फिरतो! बक्षिसं मोठी होतात, स्वागताच्या कमानी मोठ्या होतात आणि गावातल्या शाळेचं छप्पर तसंच गळत राहतं.

पेबल बीचवर तीन गोष्टी मला दिसल्या आणि तिन्ही आपल्याला परवडणाऱ्या आहेत. पहिली, उरलेला पैसा कुठल्या भागात जाणार हे आधीच ठरलेलं आहे आणि तो भाग जवळचा आहे. दुसरी, राबणारी माणसं त्याच भागातली आहेत. तिसरी, हिशेब उघडा आहे. अमेरिकेत अशा संस्थेला दरवर्षी कर खात्याकडे विवरणपत्र भरावं लागतं आणि ते कुणीही पाहू शकतं. आपल्याकडेही १९५०चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा आहे, धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आहे, नोंदलेल्या संस्थेला हिशेब द्यावाच लागतो. मैदानाच्या दारात एका फलकावर गेल्या वर्षीचा जमाखर्च लावायला काही लागत नाही.

कॅलिफोर्नियात मुलांकडे आलेल्या आजी-आजोबांनी ही स्पर्धा जरूर पाहावी. ती फेब्रुवारीच्या आसपास असते. वारा बोचरा असतो, स्वेटर हवाच. चालणं भरपूर आहे, पण स्टँडमध्ये बसूनही खेळ छान दिसतो. एक बदल लक्षात ठेवा. २०२४ पासून स्पर्धेचं स्वरूप आटोपशीर झालं आहे आणि हौशी मंडळी गुरुवारी आणि शुक्रवारीच खेळतात. शनिवार-रविवार फक्त व्यावसायिकांचे. हौशी मंडळी पाहायची असतील तर आठवड्यातला एक दिवस सुट्टी काढा.

आणि परत गेल्यावर गावच्या स्पर्धेची पावती फाडायला कार्यकर्ते दारात येतील, तेव्हा वर्गणी हात सैल सोडून द्या. त्याच वेळी विचारा, की खर्च भागून उरलेलं यंदा कुठल्या शाळेला, कुठल्या दवाखान्याला जाणार आहे. चार घरांनी हे विचारलं तर पुढच्या वर्षी उत्तर पावतीवरच छापून येईल.